संत जोसाफत, बोधिसत्त्व आणि चंद्रपूरची दीक्षाभूमी

रोमन कॅथलिक चर्चने सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या 'रोमन मार्टिरॉलॉजी'त, म्हणजे वर्षाच्या कोणत्या दिवशी कोणत्या संतांचे आणि रक्तसाक्ष्यांचे स्मरण करावयाचे हे सांगणाऱ्या अधिकृत सूचीत, २७ नोव्हेंबर या दिवसाखाली बार्लाम आणि जोसाफत या दोघांची नावे नोंदली गेली, आणि त्यांचे वास्तव्य पर्शियाला लागून असलेल्या हिंदुस्थानात होते असेही तेथे सांगितले गेले. ग्रीक चर्चमध्ये जोसाफताचा दिवस २६ ऑगस्ट हा मानला जातो. मध्ययुगीन युरोपात ज्या संतकथा घरोघरी ठाऊक होत्या त्यांत या राजपुत्राच्या कथेचे स्थान बरेच वरचे होते. याकोबुस द व्होराजिने या डोमिनिकन धर्मगुरूने १२६० च्या सुमारास रचलेल्या 'सुवर्णकथा' या संतचरित्रसंग्रहात ती आली आणि तेथून ती प्रवचनांत, नाटकांत आणि चर्चच्या भिंतींवर पसरली. हा राजपुत्र म्हणजे शाक्य कुळातील सिद्धार्थ गौतम होय, ही गोष्ट १८५९ मध्ये लाबुले या फ्रेंच आणि १८६० मध्ये लीब्रेख्त या जर्मन अभ्यासकाने दाखवून दिली, आणि तेव्हापासून संतचरित्रांच्या अभ्यासापुढे एक प्रश्न उभा आहे: ज्या संताचे चरित्र दुसऱ्याच धर्माच्या संस्थापकाचे असल्याचे सिद्ध होते, त्याच्या पूजनाला आधार कोणता उरतो? हा प्रश्न युरोपातील ग्रंथालयांत जितका विचारला गेला तितका तो चंद्रपूरकडे पाहून विचारला गेलेला नाही. वास्तविक, ज्या नगरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धम्मदीक्षेचा, म्हणजे बौद्ध धम्मात प्रवेश देण्याचा, दुसरा मोठा सोहळा घडवला, तेथून पाहिले असता या प्रश्नाची एक वेगळीच बाजू दिसते.

प्रथम कथा. ग्रीक पाठ असा आरंभ करतो की येशूच्या बारा प्रेषितांपैकी थॉमस याने हिंदुस्थानात धर्म पोहोचवला होता, पण पुढे आबेनेर नावाचा मूर्तिपूजक राजा गादीवर आला आणि त्याने ख्रिस्ती संन्याशांचा छळ मांडला. त्याला बऱ्याच काळाने पुत्र झाला, तेव्हा ज्योतिष्यांनी एकमुखाने राजवैभवाचे भाकीत केले. एकाने मात्र हा मुलगा या राज्याचा नव्हे, दुसऱ्याच श्रेष्ठ राज्याचा होईल, असे सांगितले. राजाने घाबरून मुलासाठी एकांतात महाल बांधला, तेथे तरुण आणि देखणे सेवक ठेवले, आणि दुखणे, म्हातारपण किंवा मरण यांचा शब्दही त्याच्या कानी पडू नये अशी आज्ञा केली. जोसाफत मोठा झाल्यावर बाहेर जाण्याची परवानगी मागतो, वाटेत त्याला एक व्याधिग्रस्त आणि एक आंधळा दिसतो, पुढे एक जराजर्जर म्हातारा दिसतो, आणि सेवकांकडून त्याला कळते की या सर्वांचा शेवट मृत्यूत होतो व तो कोणालाच चुकत नाही. बौद्ध कथेत जेथे चौथे दृश्य म्हणून शांत मुद्रेचा संन्यासी येतो, तेथे ख्रिस्ती कथेत बार्लाम हा अरण्यवासी साधू व्यापाऱ्याच्या वेशात, आपल्याजवळ एक अमूल्य रत्न असल्याची बतावणी करून महालात शिरतो. त्यानंतर बाप्तिस्मा, राजाचा क्रोध, सुंदर स्त्रियांकरवी घातलेला मोह, वादसभा आणि अखेर बापाचेही धर्मांतर अशी कथा पुढे सरकते. शेवटी जोसाफत राज्य दुसऱ्यावर सोपवून गुरूच्या शोधात वाळवंटात निघून जातो.

या कथेच्या प्रवासाचे टप्पे आता पुष्कळसे स्पष्ट झाले आहेत. मध्य आशियातील मानी पंथाच्या लोकांना, म्हणजे प्रकाश आणि अंधार या दोन तत्त्वांचा सनातन झगडा मानणाऱ्या मानीच्या अनुयायांना, ती ठाऊक होती. तेथून ती अरबीत 'बिलौहर आणि बूदासफ' या नावाने आली, अरबी पाठावरून जॉर्जियन भाषेत तिला ख्रिस्ती रूप मिळाले, आणि ग्रीसमधील अथोस पर्वतावरच्या जॉर्जियन मठातील युथिमियस याने, ज्याचा मृत्यू १०२८ मध्ये झाला, ती ग्रीकमध्ये आणली. पुढे १०४८ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे लॅटिन भाषांतर झाले. बोधिसत्त्व या पदाचे बूदासफ, अरबी लिपीतील एका टिंबाच्या फरकाने यूदासफ, आणि मग जोसाफत असे रूपांतर होत गेले. तेराव्या शतकात इब्न हसदाई याने हीच कथा हिब्रूमध्ये राजपुत्र आणि विरक्त यांची कथा म्हणून सांगितली. याचा अर्थ असा की बौद्ध, मानी, मुस्लिम, ख्रिस्ती आणि यहुदी अशा पाच परंपरांच्या वाचकांनी ती आपापली म्हणून वाचली, आणि प्रत्येकाने गुरूच्या तोंडी आपलाच सिद्धांत घातला. ख्रिस्ती पाठात तर वादसभेतील एका पात्राच्या तोंडी दुसऱ्या शतकातील अरिस्तायदीस या अथेन्सच्या तत्त्वज्ञाने ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ लिहिलेले निवेदन जवळजवळ सगळेच घातले आहे. ते निवेदन कायमचे हरवले असे समजले जात होते, आणि १८८९ मध्ये सिनाई पर्वतावरील मठात त्याचे सिरियाक भाषांतर सापडल्यावर विद्वानांच्या लक्षात आले की त्याचा ग्रीक मजकूर शतकानुशतके या संतकथेच्या पोटात सुरक्षित होता.

हा प्रवास महाराष्ट्राला एकदा स्पर्श करून गेला आहे. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो द कोतो, जो गोव्यात राहिला आणि तेथेच १६१६ मध्ये वारला, त्याने आपल्या बखरीच्या पाचव्या दशकग्रंथात बुद्धाची हकीकत देताना ती जोसाफताच्या चरित्राशी तंतोतंत जुळते असे नमूद केले. साष्टी बेटावरील कान्हेरीची लेणी पाहताना त्याने तेथील एका अतिवृद्ध माणसाला, हे अफाट काम कोणी केले असावे, असे विचारले, तेव्हा त्या वृद्धाने सांगितले की संत जोसाफताच्या बापाने आपल्या मुलाला जगापासून दूर वाढवण्यासाठी हे खोदवले. कोतोने यावरून, हा राजपुत्रच हिंदू लोक ज्याला बुद्ध म्हणतात तो असावा, असा तर्क केला. वसई-साष्टीत त्या वेळी मिशनऱ्यांचे काम बरीच वर्षे चालू होते, त्यामुळे त्या वृद्धाने ही कथा ख्रिस्ती प्रवचनातच ऐकली असण्याची शक्यता मोठी आहे. तसे असेल तर ती बोधिसत्त्वाची कथा म्हणून या देशातून बाहेर पडली आणि जगभर फिरून, संत जोसाफताची कथा होऊन, भिक्षूंविना ओस पडलेल्या विहाराच्या दारात परत आली, आणि सांगणाऱ्याला वा ऐकणाऱ्याला तिचे मूळ घर हेच असल्याची कल्पनाही नव्हती. धर्मांच्या इतिहासात यापेक्षा गमतीचा प्रसंग क्वचितच सापडेल.

मात्र येथे एक सूक्ष्म बाब लक्षात घ्यावी लागते, आणि तीच पुढील विवेचनाचा कणा आहे. रथातून बाहेर पडलेल्या राजकुमाराला म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये दिसल्याचा प्रसंग पाली त्रिपिटकात, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांच्या सर्वांत जुन्या उपलब्ध संग्रहात, शाक्य सिद्धार्थाविषयी सविस्तर सांगितलेला नाही. दीघनिकायातील महापदानसुत्तात तो विपस्सी या फार प्राचीन काळच्या बुद्धाविषयी येतो. गौतमाच्या बाबतीत अंगुत्तरनिकायात एवढेच आहे की आपण फार सुखात वाढलो, तरीही जरा, व्याधी आणि मरण यांचा विचार मनात येऊन तारुण्याचा, आरोग्याचा आणि जीविताचा मद उतरला. विचार दृश्यात बदलला, दृश्य विपस्सीकडून सिद्धार्थाकडे आले, आणि 'ललितविस्तर' व अश्वघोषाचे 'बुद्धचरित' यांसारख्या ग्रंथांत त्याला काव्याची पूर्ण सजावट मिळाली. म्हणजे ही कथा ख्रिस्ती जगात जाण्यापूर्वी एकदा बौद्ध परंपरेतच एका नायकाकडून दुसऱ्याकडे गेलेली होती.

डॉ. आंबेडकरांनी नेमका हाच प्रसंग काढून टाकला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि दोन दिवसांनी चंद्रपूरला दीक्षा देऊन ते परत गेले, ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले, आणि 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा त्यांचा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी चार प्रश्न मांडले असून पहिलाच प्रश्न प्रव्रज्येचा, म्हणजे गृहत्याग करून परिव्राजक होण्याचा आहे. एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोपर्यंत म्हातारा, आजारी किंवा मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटण्याजोगे नाही, आणि म्हणून हा खुलासा स्वीकारता येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात उद्भवलेला कलह पुढे ठेवला. सिद्धार्थ हा शाक्य संघाचा, म्हणजे त्या गणराज्याच्या सभेचा सभासद असतो. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो, सिद्धार्थ त्याला विरोध करून दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींकरवी चौकशीची सूचना करतो, ती बहुमताने फेटाळली जाते, आणि सैन्यात दाखल होण्यास नकार दिल्याबद्दल त्याच्या कुटुंबावर बहिष्कार व जमीनजप्तीची टांगती तलवार येते, तेव्हा शिक्षा घरच्यांना नको, मलाच द्या, असे सांगून तो देश सोडण्याचे स्वीकारतो.

या मांडणीला मराठीत पूर्वपीठिका होती. मूळचे गोव्याचे आणि १९४७ मध्ये सेवाग्राम येथे देह ठेवलेले धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' (१९४०) या ग्रंथात सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताकडे लक्ष वेधले होते, ज्यात माणसे शस्त्र उचलून एकमेकांविरुद्ध उभी ठाकलेली पाहून आपल्याला उद्वेग आला, असे बुद्ध सांगतात. 'बोधिसत्त्व' या आपल्या नाटकातही कोसंबींनी गृहत्यागाचा उलगडा शाक्य-कोलियांच्या कलहातून केला होता. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह ज्यांनी १९२७ मध्ये चालवला, त्या आंबेडकरांच्या हाती हा पाण्याचा कलह आल्यावर त्याला निराळे वजन यावे, हे स्वाभाविक होते. पण पाण्याची गोष्ट केवळ महाडमुळे आली असे म्हणणे त्यांच्या अभ्यासावर अन्याय करणारे ठरेल.

आता जो भाग पाच धर्मांत फिरला आणि जो भाग आंबेडकरांनी त्या जागी ठेवला, ते शेजारी ठेवून पाहिले असता त्यांच्यातील भेद ध्यानात येतो. चार दृश्यांच्या कथेला ना विशिष्ट देश लागतो, ना विशिष्ट समाज. म्हातारपण सगळीकडे सारखे येते, मृत्यू कोणत्याही राजाच्या दारी थांबत नाही, आणि त्यावर कोणता उपाय सांगायचा हे पूर्णतः गुरूच्या मुखावर सोडलेले असते; म्हणून बार्लामाने स्वर्गातील अविनाशी राज्य सांगितले काय आणि दुसऱ्या कोणी निर्वाण सांगितले काय, चौकट तशीच राहते. ज्या कथेत दुःख एकट्या माणसाचे आणि शरीराचे असते, ती सहजपणे सुटी होते आणि जाते. रोहिणीच्या कथेला मात्र नदी लागते, दोन गण लागतात, मतदान घेणारा संघ लागतो, आणि अल्पमतात पडलेल्या सभासदाला बहिष्काराचे भय घालणारी व्यवस्था लागते. तिला अथोस पर्वतावर नेणारा युथिमियस मिळाला नसता, कारण तेथे पोहोचल्यावर ती निरर्थक झाली असती. चंद्रपूरच्या मैदानावर दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोकांना गावविहीर, बहिष्कार आणि बहुमताचा जुलूम हे शब्द पोथीतून शिकावे लागले नव्हते.

तरीही हा भेद जितका स्वच्छ दिसतो तितका तो नाही, आणि याची जाणीव आंबेडकरांच्या ग्रंथातच आहे. सिद्धार्थ राजगृहाजवळ असताना त्याला परिव्राजक येऊन सांगतात की शाक्यांनी आणि कोलियांनी समेट केला, आता घरी परतण्यास हरकत नाही. ज्या कारणासाठी गृहत्याग झाला ते कारणच नाहीसे झाल्यावर त्याला नव्याने विचार करावा लागतो, आणि राजाराजांत, कुटुंबात, वर्गावर्गांत चालणारा कलह हाच खरा प्रश्न आहे, रोहिणीचा तंटा त्याचे एक उदाहरण होते, अशा निष्कर्षावर येऊन तो परतत नाही. म्हणजे स्थानाला बांधलेल्या घटनेतून सर्वत्र लागू पडणारा विचार काढण्याचे काम येथेही होतेच. एवढेच की ते घटनेच्या आत राहून होते, घटनेला पुसून होत नाही.

जोसाफतकथेच्या पोटातील दृष्टांतांना हे बंधन कधीच नव्हते. बार्लाम राजपुत्राला एका माणसाची गोष्ट सांगतो, जो उन्मत्त एकशिंगी प्राण्यापुढे पळताना खोल खड्ड्यात पडतो, एका झुडपाला लोंबकळतो, खाली आ वासलेला अजगर आणि मुळे कुरतडणारे एक काळा व एक पांढरा असे दोन उंदीर पाहतो, आणि तरीही फांदीवरून ठिबकणाऱ्या मधाच्या थेंबांत सारे विसरून जातो. मराठी वाचकाला ही गोष्ट महाभारताच्या स्त्रीपर्वातून, विदुराने धृतराष्ट्राला सांगितलेल्या रूपात, आणि जैन परंपरेतून मधुबिंदूचा दृष्टांत म्हणून ठाऊक असते. तेथे प्राणी हत्ती असतो, उंदीर म्हणजे दिवस आणि रात्र. इटलीतील पार्मा येथील बाप्तिस्मागृहाच्या दारावर बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास हेच झाड, हाच मध आणि हेच कुरतडणारे प्राणी दगडात कोरले गेले. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे केसरिया पार्श्वनाथाचे जैन मंदिर आणि खडकात खोलवर गेलेल्या दालनांच्या टोकाशी बुद्धमूर्ती असलेली विजासनची लेणी एकाच गावात आहेत. दोन्ही ठिकाणी पोहोचणाऱ्या यात्रेकरूला पार्माच्या दगडातील माणूस परका वाटू नये.

संतकथांमधील प्रसंग किती सहज परक्या घरात रुळतात याचे उदाहरण शोधण्यासाठी चंद्रपूरबाहेर जाण्याचीही गरज नाही. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा बल्लारपूरहून शिकारीला निघाला असता एका सशाने उलट त्याच्या कुत्र्याचा पाठलाग केला, राणीने हा शुभसंकेत मानला, आणि सशाच्या धावेच्या मार्गावर चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, परकोट बांधला गेला, ही आख्यायिका गावात सर्वश्रुत आहे. झरपट नदीच्या पाण्याने राजाचा त्वचारोग गेला, हा तिचाच दुसरा भाग. हाच ससा आणि हाच कुत्रा विजयनगरच्या आणि अहमदाबादच्या स्थापनेच्या कथांतही धावतात. ख्रिस्ती परंपरेत युस्टेस या रोमन सेनानीला शिकारीत हरणाच्या शिंगांमध्ये क्रूस दिसतो आणि त्याचे जीवन बदलते. मोझेस गॅस्टर या अभ्यासकाने १८९४ मध्ये त्या हरणाचा माग निग्रोधमृगजातक या बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या कथेपर्यंत नेला. सगळे अभ्यासक त्याच्याशी सहमत नाहीत, आणि प्रत्येक साम्यामागे उसनवारीच असते असे मानणे ही एकोणिसाव्या शतकाची एक हौसच होती. शिकारीतल्या प्राण्याने माणसाची वाट बदलणे हे चांद्याच्या किंवा इटलीच्या जंगलात स्वतंत्रपणेही सुचू शकते. ससा फिरतो, परकोट मात्र चांद्यालाच राहतो. आणि लोकांची निष्ठा सशावर असते की परकोटावर, हे विचारण्यासारखे आहे.

हा प्रश्न ख्रिस्ती विद्वानांनी आपल्या पद्धतीने विचारला आहे. सतराव्या शतकात बेल्जियममधील जेझुइट यान बोलांड याने आपल्या सहकाऱ्यांसह सर्व संतांची चरित्रे मूळ साधनांवरून तपासण्याचे काम आरंभले, ज्याचे पहिले खंड १६४३ मध्ये निघाले, आणि हे काम करणारे पुढे बोलांडिस्ट म्हणून ओळखले गेले. त्यांच्याच परंपरेतील इपोलित दलेए याने १९०५ मध्ये संतांच्या आख्यायिकांवरील पुस्तकात आणि नंतरच्या लेखनात एक साधी कसोटी दिली: संताविषयीची कथा कितीही अद्भुत असो, त्याच्या पूजनाचे ठिकाण आणि स्मरणाचा दिवस या दोन गोष्टी जुन्या काळापासून सिद्ध होत असतील, तर त्या नावामागे खरा माणूस असण्याची शक्यता पुष्कळ, कथा असो अगर नसो. या कसोटीचे मूळ फार जुने आहे. स्मर्ना येथील बिशप पॉलिकार्प याला इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्याला जाळून मारल्यावर तेथील ख्रिस्ती लोकांनी त्याच्या अस्थी गोळा केल्या, एका जागी ठेवल्या आणि दर वर्षी त्या दिवशी तेथे जमायचे ठरवले. रक्तसाक्ष्याच्या मृत्युदिनाला ते जन्मदिवस म्हणत.

या कसोटीवर जोसाफत नापास होतो. त्याची जुनी समाधी नाही, आणि जुना दिवसही नाही, कारण २७ नोव्हेंबर हा दिवस त्याला फार उशिरा मिळाला. अस्थीही मागाहून आल्या: १५७१ मध्ये व्हेनिसच्या प्रमुखाने पोर्तुगालच्या सेबास्तियन राजाला संत जोसाफताचे अस्थिखंड भेट दिले, आणि पुढे ते अँटवर्पला गेले. ते कोणाचे असावे याविषयी अंदाज करण्यात अर्थ नाही, पण ज्याच्या अस्थींवर आठ ठिकाणी स्तूप उभारल्याचे बौद्ध परंपरा सांगते, त्याच महापुरुषाच्या ख्रिस्ती रूपाला सोळाव्या शतकात स्वतंत्र अस्थी मिळाव्यात, हे पूजनाच्या स्वभावाविषयी पुष्कळ सांगून जाते: कथा पुरेशी प्रिय झाली की ती आपल्यासाठी जागा आणि दिवस दोन्ही तयार करून घेते. याच्या अगदी उलट उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. १३२१ मध्ये ठाणे येथे तोलेन्तिनोचा थॉमस आणि त्याचे तीन फ्रान्सिस्कन साथीदार, चीनकडे जात असताना, काझीपुढे झालेल्या धर्मवादानंतर मारले गेले. पोर्देनोनेच्या ओदोरिक या प्रवाशाने थोड्याच वर्षांनी त्यांच्या अस्थी येथून चीनमधील झैतून बंदरापर्यंत नेल्या. त्यांच्यापाशी ठिकाण आहे, साल आहे, समकालीन साक्ष आहे, आणि तरी त्यांची नावे ठाण्याच्या ख्रिस्ती वस्तीबाहेर क्वचितच कोणाला ठाऊक असतील. पुरावा आणि कीर्ती यांचा संबंध इतका सैल असतो. तेराव्या शतकात फ्रान्समधील लियाँजवळ बायाबापड्या आजारी मुले घेऊन गिनफोर नावाच्या ज्या संताला नवस करीत, तो संत म्हणजे बाळाच्या पाळण्याजवळचा साप मारूनही मालकाच्या गैरसमजाने मारला गेलेला कुत्रा होता, अर्थात पंचतंत्रातील ब्राह्मणाच्या मुंगसाचा युरोपीय भाऊबंद. एतियेन द बुर्बाँ या चौकशी अधिकाऱ्याने त्याची हाडे उकरून जाळली. राजपुत्राच्या कथेला सूचीत जागा मिळाली आणि कुत्र्याच्या कथेला चिता मिळाली, यात पुराव्याचा भाग किती आणि प्रतिष्ठेचा किती, हे वाचकाने ठरवावे.

प्रेषित थॉमसाची स्थिती जोसाफत आणि ठाण्याचे रक्तसाक्षी या दोहोंच्या मधली आहे, आणि तिचा चंद्रपूरशी प्रत्यक्ष संबंध आहे. १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार चर्चने, म्हणजे सिरियाक उपासनापद्धती पाळणाऱ्या आणि आपला उगम थॉमसापासून मानणाऱ्या कॅथलिक समाजाने, केरळबाहेरचे आपले पहिले मिशन क्षेत्र चांदा येथे उघडले. १९७७ मध्ये ते क्षेत्र पूर्ण धर्मप्रांत झाले, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जंगलाचे जिल्हे त्यात येतात, आणि त्याचे कॅथेड्रल बल्लारपूर येथे संत थॉमसाच्या नावाने आहे. थॉमसाची सर्वांत जुनी कथा तिसऱ्या शतकात एडेसा नगरीत सिरियाकमध्ये लिहिली गेली, आणि तीत तो गुंदफर राजाकडे सुतार म्हणून येतो, महालासाठी मिळालेला पैसा गरिबांत वाटतो, आणि राजाचा मेलेला भाऊ परत जिवंत होऊन सांगतो की तो महाल स्वर्गात उभा आहे. ही सारी रचना कल्पनेची दिसते. पण एकोणिसाव्या शतकात गोंदोफारेस या राजाची नाणी सापडू लागली, तख्त-इ-बाही येथील शिलालेखात त्याचे नाव आणि काळ मिळाला, आणि महालाची गोष्ट सांगणाऱ्याला पहिल्या शतकातील वायव्येकडच्या एका खऱ्या राजाचे नाव ठाऊक होते हे मान्य करावे लागले. केरळातील परंपरा मात्र ५२ या सालाला आणि कोडुंगल्लूरला धरून आहे, आणि मैलापूरची समाधी व ३ जुलैचा दिवस तिच्यापाशी आहेत. दलेएची कसोटी येथे अर्धवट उतरते, आणि तेवढ्यावरही समाज उभा राहतो, वाढतो आणि वैनगंगेच्या जंगलात शाळा व दवाखाने काढतो.

तीच कसोटी चंद्रपूरच्या दीक्षाभूमीला लावली तर निकाल निर्विवाद आहे. ठिकाण ठाऊक आहे, जेथे आता डॉ. आंबेडकर महाविद्यालयाचा परिसर आहे. दिवस ठाऊक आहे, १६ ऑक्टोबर, आणि दर वर्षी १५ व १६ ऑक्टोबरला तेथे लोक जमतात. त्या दिवशी मैदानावर बसलेल्यांच्या नातवंडांकडून घटनेची हकीकत आजही ऐकता येते. सोहळा चमत्कारावाचून झाला, आणि प्रतिज्ञांचा आशय तर चमत्कारांपासून दूर नेणारा आहे. पण यावरून आंबेडकर हे बोलांडिस्टांच्या जातीचे टीकाकार होते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते, कारण त्यांच्या ग्रंथाने सगळ्याच आख्यायिकांना हद्दपार केलेले नाही. महामायेच्या स्वप्नात येऊन जन्माची अनुमती मागणारा सुमेध बोधिसत्त्व त्यांच्या ग्रंथात आहे, आणि नवजात बालकाला पाहून, हा बुद्ध होईल आणि ते पाहायला आपण जिवंत नसू, म्हणून रडणारा असित ऋषीही आहे. पुराव्याचा निकष लावला असता तर हे दोन्ही प्रसंग चार दृश्यांच्या आधीच गेले असते. ते राहिले आणि रथातली दृश्ये गेली, याचे कारण असे दिसते की स्वप्न आणि भाकीत यांमुळे सिद्धार्थाच्या निर्णयाची जबाबदारी कमी होत नाही, आणि रस्त्यावर अचानक दिसलेल्या प्रेतामुळे ती कमी होते: प्रेत पाहून निघून जाणारा माणूस एका धक्क्याने निघतो, तर संघासमोर उभा राहून हरलेला माणूस विचार करून, बायको, बाप आणि मावशी यांच्याशी बोलून निघतो. 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये यशोधरा त्याच्या निर्णयाला संमती देते. जोसाफताच्या कथेत अशा संमतीची जागाच नाही.